बेसूर वाजवायची जागा

दादरच्या माणसाला एखादी गोष्ट नुसती आवडून भागत नाही, तिचा क्लास लावावा लागतो. पोहणं आवडलं, क्लास. अक्षर चांगलं आहे, कॅलिग्राफीचा क्लास. अक्षर वाईट आहे, मग तर क्लास हवाच. आमच्या वेळी दहावीच्या सुट्टीत टायपिंगचा क्लास लावायची पद्धत होती, कारण रिकामा मुलगा वाया जातो यावर चाळीतल्या यच्चयावत बिऱ्हाडांचं एकमत असे. मीही मिनिटाला चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा दिली. पुढे नोकरीत कुणी मला टाइपरायटरच्या जवळपासही फिरकू दिलं नाही, पण क्लास लावला होता हे आई अजून पाहुण्यांना सांगते. म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी गिटार शिकायचं काढलं तेव्हा घरात गिटारवर चर्चा अशी झालीच नाही. ‘क्लास कुठे लावलायस?’ एवढंच विचारलं गेलं. पोर्तुगीज चर्चच्या मागे, घरापासून चालत दहा मिनिटांवर, हे उत्तर ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं.

लेक तेवढी म्हणाली, ‘बाबा, यूट्यूबवर सगळं फुकट आहे.’ आहे खरं. पण फुकटची गोष्ट उद्याही फुकटच असते, त्यामुळे आज तिला कुणी हात लावत नाही. फी भरलेली असली की माणूस ताप अंगावर काढूनही जातो. बायकोचा प्रश्न याहून मूलभूत होता. ‘ठेवणार कुठे?’ मुंबईत कुठल्याही छंदाची पहिली परीक्षा ही. गिटारची घडी होत नाही, पलंगाखालच्या बॅगांवर ती मावत नाही, आणि कपाटावर आधीच आकाशकंदील, ताडपत्री आणि गणपतीचं मखर आहे. शेवटी ती बेडरूमच्या दारामागे उभी राहिली. तेव्हापासून आमचं ते दार पाऊणच उघडतं आणि आल्यागेल्याला अंग चोरून आत यावं लागतं.

आईची शंका शास्त्रीय होती. ‘मांडीवर आडवी घेऊन वाजवतात तीच ना?’ तिच्या पिढीला गिटार म्हणजे हवाईयन गिटार. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की सिनेमाच्या गाण्यांच्या धुनी लागायच्या. व्हॅन शिपले, सुनील गांगुली ही नावं तिला तोंडपाठ आहेत. डाव्या हातातला स्टीलचा तुकडा तारेवरून सरकवत नेला की एका सुरातून दुसऱ्या सुरात न तुटता जाता येतं, मींड काढता येते, आणि आपल्या कानाला मींडेशिवाय करमत नाही. १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ निघाली. शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला ब्रिजभूषण काब्रांनी हीच गिटार मांडीवर घेऊन राग वाजवले, तेव्हा नाकं मुरडणाऱ्या कित्येकांना गिटार चालायला लागली. आता मुलगा तीच वस्तू छातीशी धरून पडदे दाबत बसलाय हे आईने थोडे दिवस पाहिलं आणि मग हळूच विचारलं, ‘तुझे सर नवीन आहेत का रे?’

गिटार घ्यायला धोबीतलावाला जायचं, यात मुंबईकराला दुसरा विचार करावा लागत नाही. मरीन लाइन्सला उतरायचं, मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालायचं, जेर महाल गाठायचा आणि फुर्टाडोजमध्ये शिरायचं. या दुकानाचं साल १८६५, म्हणजे व्ही.टी.ची इमारत उभी राहण्याच्या कितीतरी आधीचं. जेर महालाच्या वरच्या मजल्यांवर गोव्यातल्या गावागावांचे कूड, म्हणजे गाववाल्यांच्या उतरायच्या खोल्या, आहेत. बोटीवर चढायची वाट पाहणारे खलाशी तिथे उतरायचे, तसे वाजवणारेही उतरायचे. गोव्यात चर्चच्या शाळेतला मेस्त पोराला आधी सोलफेज, म्हणजे तिकडची सरगम, घोटायला लावी, मगच हातात व्हायोलिन देई. ती शिस्त घेऊन ही माणसं मुंबईत आली आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो ते या गुरूचं. शिकवण्या घेणाऱ्या किती मास्तरांना अशी गुरुदक्षिणा मिळते? बाकीच्यांना शाल-श्रीफळावर समाधान मानावं लागतं.

दुकानात मला ‘मुलासाठी का?’ असं विचारण्यात आलं. मी मान हलवली, ती हो आणि नाही यांच्या बरोब्बर मधे. बाजूला एक कॉलेजचा पोरगा भिंतीवरच्या गिटारी एकेक करून उतरवत होता आणि तपासून पाहतोय अशा बहाण्याने आख्खी मैफल करत होता. त्याला काही घ्यायचं नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी काही म्हणत नव्हतं. माझ्या हातात एक गिटार आली. ‘बघा वाजवून.’ आता मला काय वाजवता येणार? माठ घेताना बघतात तसं मी बोटाने ठोकून पाहिलं आणि जाणकाराच्या चेहऱ्याने ‘हीच द्या’ म्हटलं. पोराने माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं तो आदर मला त्यानंतर कधीही मिळालेला नाही.

सर पंचविशीतले. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो, आणि आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो. त्यांचे वडील माझ्याच वयाचे आहेत असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्याचं दडपण दोघांवरही आहे. त्यांना मला रागावता येत नाही. चुकलं तर ते म्हणतात, ‘काका, परत एकदा.’ अगदीच वाईट वाजलं तर, ‘छान, काका. परत एकदा.’ त्यामुळे ‘छान’ ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

पहिल्या तासाला मी एकही सूर वाजवला नाही. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसायचं, पाठ टेकायची नाही. डाव्या हाताचा अंगठा गिटारच्या मानेमागे राहील, समोरून दिसता कामा नये. डाव्या हाताची नखं कापून टाकायची, उजव्या हाताची थोडी वाढली तरी चालतील. (ऑफिसात हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. बायकोच्या त्याच संध्याकाळी आलं.) मग तारा. जी तार आपल्याला सगळ्यात वर दिसते ती सहावी, जाड, आणि सुराने सगळ्यात खाली. जी सगळ्यात खाली ती पहिली, बारीक, आणि सुराने सगळ्यात वर. ई, ए, डी, जी, बी, ई. माझा कान पेटीवर वाढलेला. मी हिशोब केला की कुठल्याही तारेला सा धरलं तर तिच्यानंतरची तार मध्यमावर लागते, फक्त जीनंतरची बी तेवढी गंधारावर. ‘सर, इथे असं का?’ सर खूश झाले. सगळ्याच जोड्या मध्यमाच्या ठेवल्या तर शेवटची तार ईच्या ऐवजी एफवर जाते, दोन्ही टोकं जुळत नाहीत आणि कॉर्ड धरताना बोटांचे हाल होतात. ‘म्हणून मधे थोडं ॲडजस्ट केलंय, काका.’ हे वाद्य स्पेनमध्ये वाढलं असं म्हणतात, पण त्याची रचना करणारा नक्की लोकलने जात-येत असणार.

बोटांविषयी फार लिहीत नाही. ज्यांनी पोलादी तारा दाबल्यात त्यांना माहीत आहे, आणि इतरांना ते खरं वाटणार नाही. डाव्या हाताच्या टोकांची कातडी आधी हुळहुळली, मग सोलली, मग जाड झाली. माझा फोन डाव्या तर्जनीच्या ठशावर उघडायचा. एके दिवशी त्याने मला ओळख दाखवायचंच सोडून दिलं.

खरा घोळ सी कॉर्डवरून जी कॉर्डवर जाण्यात आहे. सीला तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यापाशी, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्यापाशी, अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्यापाशी. जीला मधल्या बोटाने उडी मारून सहाव्या तारेवर जायचं, तर्जनीने पाचवी पकडायची आणि अनामिकेने पार पलीकडच्या टोकाला, पहिल्या तारेवर उतरायचं. तिघांनी एकदम उठायचं आणि एकदम बसायचं. माझी तर्जनी आज्ञाधारक आहे. मधलं बोट उशिरा येतं, पण येतं. अनामिकेला मात्र जन्मात अंगठी घालण्यापलीकडे कुणी काम सांगितलेलं नाही. ती हवेत थबकते, खाली बघते, विचार करते. तोवर मेट्रोनोमचा ठोका होऊन गेलेला असतो. सर मेट्रोनोम साठवर ठेवतात, म्हणजे सेकंदाला एक ठोका. सेकंद इतका लहान असतो यावर माझा अजून विश्वास नाही. अनामिका पोचते तेव्हा ती शेजारच्या तारेला कुशीने टेकलेली असते, आणि सहा तारांतून पाच सूर नि एक ‘टप्प’ असा आवाज निघतो. तो ‘टप्प’ आता आमच्या मजल्यावर सगळ्यांना ओळखीचा झालाय.

गाणं कधी, असं मी विचारून पाहिलं. मला काय हवंय हे सरांनी मी तोंड उघडण्याआधीच ओळखलं: १९८३च्या ‘कलाकार’मधलं, किशोरकुमारने गायलेलं, निळ्या आभाळाचं. भारतात गिटार हातात घेणाऱ्या माणसाला तेच हवं असतं. सरांनी ते इतक्या जणांकडून इतक्या तऱ्हांनी ऐकलंय की त्यांना आकाशाचाच तिटकारा आला असावा. ‘आधी स्केल, काका.’

सरांकडे अभ्यासक्रम आहे. लंडनचं ट्रिनिटी कॉलेज १८७७ सालापासून परीक्षा घेतं. आधी इनिशियल, मग ग्रेड एक ते आठ. शंभरापैकी साठला पास, पंचाहत्तरला मेरिट, सत्त्याऐंशीला डिस्टिंक्शन. सत्त्याऐंशीच का, पंच्याऐंशी का नाही, असं मी विचारलं, तर सर म्हणाले, ‘काका, आधी साठ बघू.’ माझ्या आधीच्या तासाला एक आठेक वर्षांची मुलगी येते. तिचे पाय जमिनीला पोचत नाहीत म्हणून पायाखाली पाट ठेवलेला आहे. ती ग्रेड एकची तयारी करतेय आणि मी इनिशियलची, त्यामुळे दारात गाठ पडली की मी बाजूला होतो. एकदा ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘काका, बोट पडद्याच्या जवळ ठेवायचं, मग टप्प होत नाही.’ बाहेर बाकावर बसून तिने माझा मागचा आख्खा तास ऐकला होता. सल्ला अचूक होता. तिच्या आईने ‘असं बोलू नये’ म्हणून तिला दटावलं. मी म्हटलं, बोलू द्या, हिची फी वेगळी नाही.

गाण्याला वर्ग, वेळापत्रक, फी आणि परीक्षा लावणं हा प्रकार गिरगावाला काही नवा नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ साली ते मुंबईला आणलं. तोपर्यंत गाणं शिकायचं म्हणजे उस्तादाच्या घरी पडेल ते काम करायचं, आणि त्यांची मर्जी झाली तर एखादी चीज पदरात पडायची. पलुसकरांनी चिजा लिपीत बसवून पुस्तकं छापली आणि ज्या घरांत गाणं हलकं समजत त्या घरांतल्या मुलांना वर्गात आणून बसवलं. गिरगावात कर्ज काढून इमारत बांधली. पुढे त्याच कर्जापायी ती लिलावात गेली. पण शिष्यांनी १९३१ साली मंडळ स्थापून परीक्षा चालू ठेवल्या, आणि प्रारंभिकपासून विशारद-अलंकारापर्यंतच्या त्या पायऱ्या आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही गल्लीत ठाऊक असतात. ‘परीक्षा देऊन कुणी गवई होतो का?’ हा प्रश्नही तेव्हापासूनचाच. पलुसकरांचे शिष्य बी. आर. देवधर, ज्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही रीतसर अभ्यास केला होता, त्यांनी १९२५ साली गिरगावात शाळा काढली. तिथे १९३६ साली एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा दाखल झाला, तो कुमार गंधर्व. यामुळे वाद मिटला असं समजू नका. ‘तो कुठेही गेला असता तरी गायलाच असता,’ असं म्हणणारा माणूस गिरगावच्या प्रत्येक मजल्यावर सापडतो.

मला या वादात पडायचं नाही. गवई व्हायला क्लास लागतो की नाही ते गवयांनी ठरवावं. मी सांगतोय ते वाईट वाजवणाऱ्यांविषयी. वाईट वाजवल्याशिवाय कुणालाच बरं वाजवता येत नाही, आणि मुंबईत वाईट वाजवायला जागा नाही. आमच्या घरात मी कॉर्ड दाबली की ती चार घरांना दाबल्यासारखी होते. कायद्याचं म्हणाल तर २०००च्या नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. माझी गिटार बिनलाउडस्पीकरची, ती यात कशाला सापडतेय? पण सोसायटीचा कायदा याहून कडक असतो. सकाळी लोक ऑफिसच्या घाईत, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, नंतर मालिका, नंतर झोप. उरलेल्या वेळेत खालच्या मजल्यावर मिक्सर चालू असतो. मी तीच वेळ धरतो. ब्रिजजवळ तारांखाली रुमाल खुपसला की आवाज दबतो, ही युक्ती सरांची. तरी लिफ्टमध्ये शेजारचे आजोबा माझ्याकडे न बघता म्हणतातच, ‘कालच्यापेक्षा आज बरं होतं.’ ते कौतुक असतं की तक्रार, हे चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत कळत नाही.

एरवी या शहराने आवाज काढायच्या जागा बऱ्याच दिल्या, आणि काढूनही घेतल्या. धोबीतलावाच्या रंगभवनात १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ अनेक वर्षं गाजत होता. गिटारवर जीव टाकणारी पोरं तिथे घामाने निथळत उभी राहायची. पण आजूबाजूला इस्पितळं आणि कॉलेजं. इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र असतं. रंगभवन त्या हिशोबात सापडलं आणि बंद झालं. रुग्णांचं म्हणणं चूक नव्हतं. तरी कधी त्या बाजूने गेलो की मला उगाच चुटपुट लागते, आणि मी तर तिथे आत कधी गेलोही नव्हतो. तेव्हा मी टायपिंगच्या क्लासला होतो.

सरांच्या खोलीची किंमत मला यामुळे कळली. खोली आठ बाय दहा असेल. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेत, खिडकीला जाड पडदा, दोन बिनहाताच्या खुर्च्या, एक स्टँड. दार लागलं की पंचेचाळीस मिनिटं मला वाट्टेल तितकं बेसूर वाजवायची मुभा असते, आणि समोर बसलेला माणूस ते ऐकायचे पैसे घेतो. त्याला कान बंद करायचा हक्क नाही. लिफ्टमध्ये भेटायचा नाही. माझा जी चुकला तर तो माझ्या अनामिकेकडे बघतो, माझ्याकडे नाही. घरात कुणाला एवढी तटस्थता जमणार? यूट्यूबवरच्या मास्तरांकडे ज्ञान भरपूर आहे, पण त्यांना मी ऐकूच येत नाही. मग चुकण्यात राहिलं काय?

हे सगळं मी माझ्या मावसभावाला सांगितलं. तो लालबागला राहतो, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान, आणि बेंजो वाजवतो. लालबाग-परळच्या माणसाला बेंजो सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी: लाकडी पेटी, वर तारा, आणि तारांवर दाबायच्या बटणांच्या रांगा. आपण त्याला बुलबुल तरंग म्हणतो, पण त्याचा जन्म जपानचा. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली तैशोगोतो नावाचं वाद्य तयार केलं, आणि बटणांची कल्पना उचलली टाइपरायटरवरून. तेच पुढे आपल्याकडे आलं, त्याला पिकअप लागला, ॲम्प्लिफायर लागला आणि ते टेम्पोवर चढलं. परळच्या कार्यशाळांतून मोठाल्या गणेशमूर्ती निघायला लागल्या की आगमनाच्या मिरवणुकीत पुढे ताशा, ढोल, कच्छी बाजा आणि त्यांच्या डोक्यावर बेंजोची तार कडाडत असते. रवी जाधवांनी २०१६ साली त्यावर हिंदी सिनेमाही काढला. टाइपरायटरमधून असं काही निघू शकतं हे मला सोळाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं, तर मी त्या क्लासकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

भाऊ बेंजो शिकला कुठे? कुठेच नाही. मंडळाच्या खोलीत मोठी पोरं वाजवायची, हा बाजूला बसायचा, चहा आणून द्यायचा. एक दिवस वाजवणाऱ्याला ताप आला. (उस्तादाच्या घरी पाणी भरायची जुनी पद्धत लालबागमध्ये अशी शिल्लक आहे, हे पलुसकरांना कळवायला हवं.) दिवसा तो कुरिअर कंपनीत असतो. त्याने माझी गिटार हातात घेतली, आडवी मांडीवर ठेवली, ते पाहून आई प्रसन्न झाली, आणि एकाच तारेवर चाचपडत चाचपडत त्याने पाच मिनिटांत गेल्या वर्षी गाजलेलं एक कोळीगीत काढलं. आई तर टाळ्या वाजवायला लागली.

‘दादा, याला पैसे देतोस?’ त्याने विचारलं.

‘महिन्याला.’

‘आणि करतात काय?’

मी त्याला ते पंचेचाळीस मिनिटांचं बंद दार, अंड्यांचे ट्रे, अनामिका, सगळं समजावून सांगितलं. चुकायला जागा लागते रे, असं म्हटलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘आमच्यात चुकलं तर ढोल झाकतो.’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दार लावून जे करतो ते ती मंडळी हजारो माणसांसमोर, भर रस्त्यात, दिव्यांच्या माळांखाली करतात. सोळा जणांच्या दणक्यात एकाचा सूर घसरला तर कुणाच्या बापाला कळत नाही, आणि वाजवणाऱ्याला मात्र कळतं, म्हणून पुढच्या नाक्यापर्यंत तो सुधारतो. हीसुद्धा शिकवणीच, फक्त तिथे पाटावर पाय ठेवून बसता येत नाही. भावाच्या म्हणण्यात एक गोम आहे, ती मी त्याला दाखवली नाही: ढोलाच्या आडोशाला मोठा आवाज शिकता येतो, हळू वाजवणं नाही. सर मला सध्या तेच शिकवताहेत. तार छेडायची, पण शेजारच्या माणसाला कळेल न कळेल इतकीच. त्यासाठी शांतता लागते, आणि शांतता या शहरात भाड्यानेच मिळते.

जाता जाता तो म्हणाला, ‘या वर्षी सरावाला ये. मागे उभा राहा, तुझी ती गिटार लाव ॲम्पला. कोणाला कळणार नाही.’ मी हसण्यावारी नेलं. पण मंगळवारी क्लासमध्ये, स्केल चुकत असताना, विषय टाळायला म्हणून मी ते सरांना सांगितलं. मला वाटलं होतं ते नाक मुरडतील. ग्रेड आठ पार केलेला माणूस, बेंजो पार्टीला काय म्हणणार? सरांनी मेट्रोनोम बंद केला.

‘सराव कुठे असतो, काका?’

‘लालबागला. शनिवारी रात्री, दहाच्या आत.’

‘त्यांना इलेक्ट्रिक चालेल?’

‘सर, तुम्ही?’

‘घरी ॲम्प आहे माझा. दोनच्या वर कधी वाजवलाच नाही. खाली डॉक्टर राहतात.’ मग थोडं थांबून, ‘त्यांना सांगू नका पण मी शिकवतो म्हणून. तुमच्याबरोबर आलोय एवढंच सांगा.’

मी तिथूनच भावाला फोन लावला. दोघं येतोय म्हटलं, तर त्याने एवढंच विचारलं की टी-शर्टचे साइज सांग, ऑर्डर उद्या जातेय. मी फोनवर हात ठेवून सरांना विचारलं. सर मीडियम. मी एक्सएल सांगितला. भाऊ म्हणाला, ‘दादा, डबल एक्सएल लिहितो, धुतल्यावर आटतात.’